चिनी मालिकेचा कोरियन रिमेक ‘मून लव्हर्स’: पडद्यावरचा चौथा राजकुमार आणि इतिहासातला खरा राजा ग्वांगजोंग

के-ड्रामा बघणाऱ्या ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की एक सल्ला हमखास मिळतो. ‘मून लव्हर्स बघ, पण शेवटचे दोन भाग एकट्याने बघू नकोस.’

२०१६ साली आलेली ‘मून लव्हर्स: स्कार्लेट हार्ट र्‍यो’ ही मालिका आजही रील्समध्ये फिरत असते. अर्ध्या चेहऱ्यावर मुखवटा लावलेला राजकुमार, बर्फात उभी असलेली नायिका आणि मागे वाजणारं गाणं. मालिका न पाहिलेल्यांनाही ही दृश्यं ओळखीची वाटतात.

पण ही गोष्ट मुळात कोरियाची नाही. ती चीनच्या एका गाजलेल्या मालिकेचा रिमेक आहे. रिमेक करताना ही गोष्ट चीनच्या राजघराण्यातून उचलून, साधारण पावणेआठशे वर्षं मागे नेऊन, कोरियाच्या राजघराण्यात बसवली गेली. आता एका देशाच्या राजपुत्रांचं भांडण दुसऱ्या देशाच्या इतिहासात फिट्ट कसं बसलं? आणि बसवताना काय सुटलं?

तेच आज समजून घेऊ. (पुढे मालिकेच्या शेवटाचे स्पॉयलर आहेत.)

मूळ मालिका कोणती?

चीनमधल्या लेखिका थोंग ह्वा यांची ‘बूबू जिंगशिन’ ही कादंबरी २००५ साली आली. नावाचा अर्थ साधारण ‘पावलोपावली काळजात धस्स होणं’ असा. २०११ साली हुनान टीव्हीवर याच नावाची ३५ भागांची मालिका आली. जगभर ती ‘स्कार्लेट हार्ट’ म्हणून ओळखली गेली.

आजच्या काळातली एक नोकरदार तरुणी अपघातानंतर जागी होते ती थेट १८व्या शतकाच्या सुरुवातीला, छिंग घराण्याच्या काळात. ती आता रुओशी नावाच्या एका मुलीच्या शरीरात आहे. आजूबाजूला सम्राट खांगशीचे राजपुत्र आहेत आणि गादी कुणाला मिळणार यावरून त्यांच्यात छुपं युद्ध चालू आहे.

हे युद्ध खरंच झालं होतं. खांगशीने ६१ वर्षं राज्य केलं. त्याने युवराजाला १७०८ साली पदावरून काढलं, १७०९ साली परत नेमलं आणि १७१२ साली कायमचं बाजूला केलं. मग उरलेल्या भावांमध्ये चुरस सुरू झाली. चीनच्या इतिहासात याला ‘नऊ राजपुत्रांची गादीसाठीची लढाई’ म्हणतात. १७२२ साली खांगशी गेला आणि चौथा राजपुत्र योंगझेंग या नावाने सम्राट झाला. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी असलेला आठवा राजपुत्र १७२६ साली कैदेत मेला.

चिनी प्रेक्षकाला यातलं बरंच काही आधीपासून माहीत असतं. रुओशीलाही माहीत असतं. मूळ मालिकेची सगळी जान इथेच आहे. चौथा राजपुत्र जिंकणार हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती आठव्याला सावध करते. तो सावध होतो, चौथ्याच्या विरोधात चाली खेळतो आणि त्यातूनच पुढचा सगळा अनर्थ घडतो. थोडक्यात, इतिहास बदलायला गेलेली बाईच इतिहास घडवून बसते.

कोरियन रिमेक कसा झाला?

२९ ऑगस्ट २०१६ ला एसबीएस वाहिनीवर ‘मून लव्हर्स’ सुरू झाली आणि १ नोव्हेंबरला २० भागांत संपली. दिग्दर्शक किम ग्यू-थे. अमेरिकेच्या एनबीसीयुनिव्हर्सल कंपनीने यात पैसे गुंतवले होते.

नायिका हा-जिन सौंदर्यप्रसाधनं विकणारी मुलगी आहे. बुडणाऱ्या एका लहान मुलाला वाचवताना ती पाण्यात ओढली जाते, त्याच वेळी सूर्यग्रहण लागतं आणि ती पोचते थेट सन ९४१ मध्ये. तिथे ती हे सू म्हणून जगते. तिचा मेकअपचा धंदा कथेत नीट वापरलाय. चौथ्या राजकुमाराच्या चेहऱ्यावरचा व्रण ती आपल्या हातांनी झाकते, तिथून त्याचं नशीब फिरतं.

पात्रांची गल्लत होऊ नये म्हणून एक छोटी यादी:

- वांग सो, चौथा राजकुमार (ली जून-गी): पुढचा राजा ग्वांगजोंग
- हे सू (आययू): पूर्णपणे काल्पनिक पात्र
- वांग उक, आठवा राजकुमार (कांग हा-नल): नायिकेचं पहिलं प्रेम
- वांग यो, तिसरा राजकुमार (होंग जोंग-ह्यून): सोचा सख्खा भाऊ, पुढचा राजा जोंगजोंग
- वांग मू, युवराज: पुढचा राजा ह्येजोंग
- ह्वांगबो योन-ह्वा (कांग हान-ना): उकची सख्खी बहीण, पुढची राणी

तेव्हा कोरियात मालिकेला अपेक्षेएवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. त्याच वारी, त्याच वेळेला केबीएसवर ‘लव्ह इन द मूनलाइट’ ही दुसऱ्या एका युवराजाची गोष्ट चालू होती. तिने २० टक्क्यांच्या वर रेटिंग नेलं, तर ‘मून लव्हर्स’ बहुतेक काळ एक आकडी रेटिंगवर राहिली आणि शेवटच्या भागाला कशीबशी ११ टक्क्यांपर्यंत गेली.

यामागे एक तांत्रिक कारणही होतं. कोरियात तेव्हा मालिका चालू असतानाच पुढचं शूटिंग व्हायचं. प्रेक्षकांना काय आवडतंय ते बघून लेखक कथा वळवायचे. ‘मून लव्हर्स’चं शूटिंग मात्र प्रसारणाआधीच संपलं होतं. चीनमध्ये त्याच वेळी मालिका दाखवायची असेल तर सगळे भाग आधी तिथल्या सरकारी मंजुरीसाठी द्यावे लागत. त्यामुळे सुरुवातीच्या भागांवर टीका झाली तरी दुरुस्तीला जागा नव्हती.

पुढे इंटरनेटवर मात्र मालिकेला दुसरा जन्म मिळाला आणि कोरियाबाहेर ती प्रचंड बघितली गेली.

गोर्यो घराणंच का निवडलं?

‘कोरिया’ हे नाव ज्यावरून आलं तेच हे गोर्यो. सन ९१८ ते १३९२ हा त्याचा काळ. राजधानी गेग्योंग, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातलं केसोंग शहर.

कोरियन ऐतिहासिक मालिका बऱ्याचदा नंतरच्या जोसन घराण्यावर असतात. जोसनच्या दरबारातल्या रोजच्या नोंदी शेकडो वर्षांच्या उपलब्ध आहेत. गोर्योच्या सुरुवातीच्या काळाचं तसं नाही. १०११ साली खितान आक्रमणात राजधानी जळली आणि पहिल्या राजांच्या दरबारी नोंदीही गेल्या. त्या नंतर नव्याने जुळवाव्या लागल्या. आज आपण ज्या मुख्य ग्रंथावर विसंबतो तो ‘गोर्योसा’ पूर्ण झाला १४५१ साली, म्हणजे घटनांनंतर पाचशे वर्षांनी आणि तोही गोर्योला हटवून आलेल्या जोसनच्या काळात.

नोंदी कमी म्हणजे मालिकावाल्यांना मोकळीक जास्त. सोच्या चेहऱ्यावरचा व्रण, मुखवटा, आईने केलेली अवहेलना ही सगळी मालिकेची कल्पना.

पण खरी गंमत वेगळीच आहे. चिनी गोष्टीत जिंकणारा चौथा राजपुत्र होता, आणि ग्वांगजोंगही राजा थेजोचा चौथाच मुलगा. योंगझेंगची जी प्रतिमा लोकांच्या मनात आहे, म्हणजे भावांना संपवणारा, कठोर, पण राज्य सुधारणारा राजा, तीच ग्वांगजोंगलाही लागू पडते. रिमेकसाठी याहून जवळचा जोडीदार कोरियाच्या इतिहासात सापडणं अवघड होतं.

भाऊ एकमेकांच्या जिवावर का उठले?

मालिका बघताना वाटतं की हे सगळं सत्तेच्या हावेपोटी आणि एका मुलीपायी झालं. खरं कारण घराण्याच्या पायातच होतं.

थेजो वांग गॉन याने ९१८ साली गोर्यो स्थापन केलं आणि ९३६ पर्यंत प्रतिस्पर्धी राज्यं संपवून देश एक केला. पण देशभर छोटे-मोठे सरदार होते. प्रत्येकाकडे स्वतःची जमीन, स्वतःची माणसं, स्वतःचं सैन्य. सगळ्यांशी लढत बसलं असतं तर आयुष्य पुरलं नसतं. थेजोने सोपा मार्ग धरला, सोयरीक जमवण्याचा. सरदार वश झाला की त्याच्या घरची मुलगी करून घ्यायची.

अशा त्याला २९ राण्या झाल्या, २५ मुलं आणि ९ मुली झाल्या.

थेजो जिवंत होता तोवर ही युक्ती बिनतोड होती. तो ९४३ साली गेला आणि तीच युक्ती उलटली. कारण आता प्रत्येक राजपुत्रामागे एकेक आजोळ उभं होतं आणि प्रत्येक आजोळाला आपला नातू गादीवर हवा होता.

मृत्यूपूर्वी थेजोने वारसांसाठी दहा आज्ञा लिहून ठेवल्या असं ‘गोर्योसा’ सांगतो. त्यातली एक वारसाबद्दल आहे. गादी थोरल्याला द्यावी, तो लायक नसेल तर दुसऱ्याला, तोही नसेल तर भावांपैकी ज्याला सगळ्यांचा पाठिंबा असेल त्याला. वाचायला समजूतदार वाटतं. पण ‘लायक नसेल तर’ या तीन शब्दांत पुढची सगळी भांडणं मावली.

युवराज वांग मू ह्येजोंग म्हणून गादीवर आला. त्याची आई नाजू गावच्या एका बेताच्या घरातली. बाकीच्या आजोळांपुढे त्याची ताकद कमी पडली. जेमतेम दोन वर्षांत, ९४५ साली तो गेला. त्याच सुमारास वांग ग्यू नावाच्या सरदाराने आपल्या नातवासाठी बंड केल्याची नोंद आहे. ते मोडून काढलं गेलं आणि वांग यो राजा झाला.

यो आणि सो हे सख्खे भाऊ. आई छुंगजूच्या बलाढ्य यू घराण्यातली. योने राजधानी आजच्या प्याँगयांगला न्यायचा घाट घातला होता. ९४८ साली दरबारात भेटवस्तू बघत असताना महालावर वीज कोसळली, त्या धक्क्याने तो आजारी पडला, असं ग्रंथ सांगतो. ९४९ साली त्याने धाकट्या भावाकडे गादी सोपवली आणि तो वारला. मालिकेत या सत्तांतराभोवती भरपूर संशय आणि नाट्य आहे. ग्रंथातली नोंद मात्र इतकीच शांत आहे.

आणि आता अनेकांना पडणारा प्रश्न. योन-ह्वा राजकन्या आहे, मग तिचं आडनाव वांग नसून ह्वांगबो का? आणि ती सोची सावत्र बहीण असून त्याच्याशी लग्न कशी करते?

हे मालिकेने बनवलेलं नाही. सुरुवातीच्या गोर्यो राजघराण्यात सावत्र भावंडांची लग्नं होत. सत्ता आणि संपत्ती घरातच राहावी हा हेतू. अशा राण्यांना आईकडचं आडनाव लावलं जायचं. खऱ्या ग्वांगजोंगची पट्टराणी देमोक ही थेजोची मुलगी आणि वांग उकची सख्खी बहीण होती. तिचं आडनाव ह्वांगबो.

मालिकेत मागे पडलेली गोष्ट: ९५६ चा कायदा

मालिकेत सो राजा होतो ते शेवटाकडे. त्यानंतरचं कथानक मुख्यतः हे सू त्याच्यापासून कशी तुटते याभोवती फिरतं. खऱ्या ग्वांगजोंगचं काम मात्र राजा झाल्यावर सुरू होतं. त्याने २६ वर्षं राज्य केलं.

पहिली काही वर्षं तो शांत राहिला. मग ९५६ साली त्याने एक कायदा आणला. कोरियात गुलामांना ‘नोबी’ म्हणत. आधीच्या यादवीत लढाईत पकडलेले, कर्जात बुडालेले असे कितीतरी मोकळे लोक सरदारांनी आपले नोबी करून ठेवले होते. ग्वांगजोंगने हुकूम काढला की प्रत्येक नोबीची चौकशी करा, आणि जो मुळात स्वतंत्र होता त्याला परत स्वतंत्र करा.

यात दयाबुद्धी किती हे सोडून देऊ, हिशेब स्पष्ट होता. सरदाराचे नोबी त्याच्या शेतात राबायचे आणि वेळ पडली तर त्याच्यासाठी हत्यारही उचलायचे. ते सुटले की सरदाराची ताकद घटली. सुटलेला माणूस राज्याचा करदाता झाला की राजाची ताकद वाढली. ज्या आजोळांनी त्याच्या भावांना नाचवलं त्यांच्या मुळावरच हा घाव होता.

सरदार खवळले. आणि ग्रंथात नोंद आहे की राणी देमोकने स्वतः राजाला हा कायदा थांबवण्याची कळकळीने विनंती केली. ती एका मोठ्या सरदार घराण्याची लेक होती. राजाने ऐकलं नाही.

विचार करा, हे भांडण पडद्यावर केवढं दिसलं असतं! राजा आणि राणी समोरासमोर, आणि मध्ये हजारो माणसांचं स्वातंत्र्य.

दोन वर्षांनी, ९५८ साली चीनमधून आलेल्या स्सांग गी या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने त्याने सरकारी नोकरीसाठी लेखी परीक्षा सुरू केली. आता फक्त घराण्याच्या नावावर दरबारात शिरणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणाऱ्यांना हे वाचून ओळखीचं वाटेल. कोरियात ही परीक्षा पद्धत पुढे १८९४ पर्यंत टिकली.

मग तो चांगला राजा होता की क्रूर?

दोन्ही, आणि ते वेगळं काढता येत नाही.

९६० पासून ग्वांगजोंगने विरोधकांना संपवायला सुरुवात केली. चुगलीवरून अटका होऊ लागल्या. नोकर मालकांवर आरोप करू लागले. तुरुंग भरले म्हणून तात्पुरते तुरुंग उभारावे लागले. ह्येजोंग आणि वांग यो या दोन्ही भावांचे मुलगे, म्हणजे राजाचे सख्खे-सावत्र पुतणे, यातच मारले गेले. स्वतःच्या मुलावरही त्याचा संशय होता.

त्याच्यानंतर ९८२ साली छ्वे सुंग-रो या मंत्र्याने आधीच्या राजांचा लेखाजोखा नव्या राजापुढे मांडला. त्यात ग्वांगजोंगच्या पहिल्या वर्षांचं कौतुक आहे आणि नंतरच्या वर्षांवर सडकून टीका. पुढच्या पिढ्यांच्या मनातली ग्वांगजोंगची प्रतिमा घडवण्यात या लेखाजोख्याचा मोठा वाटा आहे. पण तो लिहिणारा दरबारातला माणूस होता हेही लक्षात ठेवायला हवं. ९५६ च्या कायद्याने सुटलेल्या एकाही नोबीचं मत आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

आठव्या राजकुमाराचं पुढे काय झालं?

मालिकेत उक हरतो. इतिहासात त्याचा वंश जिंकला.

ग्वांगजोंगनंतर त्याचा मुलगा राजा झाला, तो सहा वर्षांत गेला. मग ९८१ साली गादीवर आला सोंगजोंग, म्हणजे वांग उकचा मुलगा. त्याची राणी ग्वांगजोंगची मुलगी. पडद्यावर एकमेकांचे वैरी असलेले सो आणि उक प्रत्यक्षात व्याही ठरले, जरी तेव्हा दोघेही हयात नव्हते.

सोंगजोंगची गणना गोर्योच्या चांगल्या राजांत होते. त्याने राज्यकारभाराची नीट घडी बसवली. पण त्याच्याच काळात, ९८७ साली एक उलटा कायदा आला. मुक्त झालेला नोबी जुन्या मालकाशी उद्धटपणे वागला, तर त्याला पुन्हा नोबी करता येईल असा. उद्धटपणा म्हणजे काय हे अर्थातच मालक सांगणार. काकाने सोडवलेली माणसं पुतण्याच्या राज्यात अशी परत अडकू लागली.

रिमेकने काय बदललं, काय ठेवलं?

मूळ चिनी मालिकेच्या शेवटी नायिका आजच्या काळात परत येते. एका प्रदर्शनात तिला तसाच दिसणारा माणूस भेटतो, तो तिला ओळखत नाही आणि निघून जातो. कोरियन रिमेकमध्ये हा-जिनही प्रदर्शनात पोचते, गोर्योची चित्रं बघते, सगळं आठवतं आणि ती रडत राहते. समोर कुणीच येत नाही. म्हणून चाहते इतकी वर्षं दुसरा सीझन मागतायत. तो अजून आलेला नाही.

दोन्हीकडे नायिका आधी आठव्यावर प्रेम करते, मग चौथ्यावर, आणि शेवटी चौदाव्याशी लग्न करून राजवाड्यातून सुटका करून घेते. नायिकेची जवळची दासी हेर निघते आणि तिला मरेपर्यंत शिक्षा होते, हेही दोन्हीकडे आहे. ही दासी गेल्यावर नायिकेला राजाचा चेहरा बघवत नाही.

मोठा फरक माहितीचा आहे. रुओशीला सुरुवातीपासून इतिहास पाठ आहे. हे सूला तो तुकड्या-तुकड्याने आठवतो. ज्या सोवर ती प्रेम करतेय तोच भावांचं रक्त सांडणारा ग्वांगजोंग, हे तिला उशिरा कळतं.

तिला आठवतो तो फक्त रक्ताचा इतिहास. ९५६ चा कायदा तिला आठवत नाही. मालिका संपवून तुम्ही ग्वांगजोंगबद्दल शोधायला गेलात, तर व्रण आणि मुखवटा कुठेच सापडणार नाही. सापडेल तो हा कायदा, तो थांबवा म्हणणारी राणी आणि एकतीस वर्षांनी आलेला तो उलटा कायदा. कोरियात गुलामगिरी कायद्याने संपली त्यानंतर तब्बल नऊशे वर्षांनी, १८९४ साली. ग्वांगजोंगने सुरू केलेली परीक्षा बंद झाली तेही तेच वर्ष.